एका बारीवरून बैल ओळखावा का?

चैत्र लागला की जुन्नर-आंबेगावकडच्या गावोगावी यात्रा सुरू होतात. सकाळी देवाचा अभिषेक, दुपारी घाटात बैलगाडे आणि रात्री तमाशा, हा आमच्याकडचा ठरलेला क्रम. तुम्ही या भागातले असाल तर घाट म्हणजे काय हे तुम्हांला सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. येथे घाट म्हणजे डोंगरातला वळणाचा रस्ता नव्हे, तर बैलगाडे पळवण्यासाठी तयार केलेली चढाची धावपट्टी. हलक्या लाकडी गाड्याला चार बैल जुंपतात, पुढे घोडी धावते, निशाण पडते आणि धुरळा उडवीत गाडा चढ चढून जातो. गाड्याच्या अशा एका धावेला 'बारी' म्हणतात. गाडे शेजारी शेजारी पळत नाहीत. एका वेळी एकच गाडा पळतो आणि त्याची वेळ घड्याळाने मोजतात. सारा खेळ दहा-पंधरा सेकंदांत आटोपतो. दिवसभरात ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो 'घाटाचा राजा'.

अशाच एका यात्रेनंतर माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. आता तो शेती करतो. चहा व्हायच्या आतच त्याने विषय काढला.

"सर, एक खोंड बघितलाय. अस्सल खिल्लार. परवाच्या घाटात अकरा पॉइंट बेचाळीसची बारी मारली. मालक द्यायला तयार आहे, पण किंमत मोठी सांगतोय. कांद्याचे सगळे पैसे घालावे लागतील."

"ते पैसे तर तू विहिरीसाठी ठेवले होतेस ना?" मी विचारले.

"हो. पण आज घेतला नाही तर उद्या दुसरा कोणी घेऊन जाईल. असा बैल पुन्हा मिळायचा नाही."

"या खोंडाच्या आजपर्यंत किती बाऱ्या पाहिल्यास?"

तो जरा थांबला आणि म्हणाला, "एकच."

बैलांतले मला काही कळत नाही. मी पदार्थविज्ञान शिकवतो. परंतु एका मोजमापावरून किती विश्वासाने बोलता येते, हा प्रश्न आमच्या प्रयोगशाळेत रोजचाच आहे. त्या रात्री आम्ही दोघे वही घेऊन बसलो. त्या वहीत जे उतरले तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

घड्याळ काय सांगते?

प्रथम वेळेकडेच पाहू. निशाण दिसल्यापासून बोटाने बटण दाबेपर्यंत माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतो. सुरुवातीला आणि शेवटी सारखाच उशीर झाला तर वजाबाकीत तो निघून जाईल. पण तो दर वेळी सारखा नसतो, आणि शेवटची रेषा जवळ येताना दिसत असल्याने तेथे बोट कधी आधीच दाबले जाते. म्हणून हाताने चालवलेल्या घड्याळावर एक-दोन दशांश सेकंदांचा फरक सहज पडतो. दोन मित्रांना दोन घड्याळे देऊन एकाच धावणाऱ्या मुलाची वेळ घ्यायला सांगा, म्हणजे पटेल.

आता असे पाहा. समजा घाट १२० मीटर लांब आहे आणि गाडा तो १२ सेकंदांत चढतो. म्हणजे त्याचा सरासरी वेग सेकंदाला १० मीटर झाला. दोन गाड्यांच्या वेळेत ०.०५ सेकंदाचा फरक असेल तर अंतरात तो अवघा अर्धा मीटर होतो. एवढ्या फरकावर एक राजा ठरतो आणि दुसऱ्याचे नावही कोणाला आठवत नाही. काही घाटांवर आता इलेक्ट्रॉनिक घड्याळे बसवतात. त्यांनी बोटाची चूक जाते, पण आपला प्रश्न संपत नाही. घड्याळ कितीही अचूक असले तरी ते त्या बारीची वेळ सांगते, बैलाचा गुण नव्हे. या दोन गोष्टी एक नाहीत.

गुण आणि योग

बारीची वेळ दोन वाट्यांनी बनते. एक वाटा गुणाचा: बैलाचे बळ, चपळाई, सराव. तो एका यात्रेपासून दुसऱ्या यात्रेपर्यंत फारसा बदलत नाही. दुसरा वाटा योगाचा: निशाण पडले तेव्हा बैल सरळ उभे होते की आडवे, आधीच्या गाड्यांनी माती उकरली होती की नुकतीच दाबून पाणी मारले होते, ऊन किती होते, घोडी कशी धावली, चारही बैलांचा पाय एकदम पडला की नाही. हा वाटा दर बारीला नवा असतो. कधी तो मदत करतो, कधी आडवा येतो.

दिवसभरात साठ-सत्तर गाडे पळाले आणि त्यांतला सर्वांत चांगला आपण निवडला, तर काय निवडले जाते? गुणवान गाडा, हे खरे. पण त्याचबरोबर त्या दिवशी ज्याला योगाची साथ मिळाली असा गाडा. योग उलटा पडलेला उत्तम गाडा त्या दिवशी राजा होतच नाही. आणि पुढच्या यात्रेला गुण बरोबर येतो, योग मात्र घरीच राहतो.

फाशांचा घाट

यावर विश्वास ठेवू नका, प्रयोग करा. वर्गातल्या ३६ मुलांना प्रत्येकी दोन गाडे द्या, एक 'सरस' आणि एक 'साधा'. दोन फासे टाकायचे आणि ठिपक्यांची बेरीज करायची. सरस गाड्याची वेळ ११ सेकंद अधिक बेरजेइतके दशांश सेकंद. साध्या गाड्याला आणखी दोन दशांश जास्त. म्हणजे बेरीज ५ आली तर सरस गाड्याची वेळ ११.५ सेकंद आणि साध्याची ११.७. दोन्ही गाड्यांसाठी फासे वेगवेगळे टाकायचे. येथे गुण आपण स्वतःच ठरवला आहे आणि योग फाशांकडे सोपवला आहे.

पहिल्या बारीत ज्यांची वेळ ११.५ किंवा त्याहून कमी आली त्यांना विजेते म्हणा. संभाव्यतेचे गणित सांगते, की सरासरीने १० सरस आणि ३ साधे, असे १३ गाडे विजेते ठरतील. त्यांची सरासरी वेळ सुमारे ११.४२ येईल. सर्व ७२ गाड्यांची सरासरी आहे ११.८०. वा! विजेते किती पुढे!

आता त्याच १३ गाड्यांसाठी फासे पुन्हा टाका. सरस गाड्यांची सरासरी ११.७ आणि साध्यांची ११.९, म्हणून या १३ जणांची सरासरी सुमारे ११.७५ येईल. पहिल्या बारीत सर्वांच्या पुढे ०.३८ सेकंद असलेले विजेते दुसऱ्या बारीत जेमतेम ०.०५ सेकंद पुढे उरले. कोणी दमले नाही, कोणाला दृष्ट लागली नाही, कोणी माजला नाही. फाशांना यातले काहीच होत नसते.

याला 'सरासरीकडे परतणे' म्हणतात. ही गोष्ट प्रथम नीट ओळखली ती इंग्लंडमधील फ्रान्सिस गाल्टन यांनी. १८८६ साली त्यांनी २०५ आईबाप-जोडप्यांच्या आणि त्यांच्या ९२८ प्रौढ मुलांच्या उंचीची तुलना प्रसिद्ध केली. फार उंच आईबापांची मुले उंचच होती, पण आईबापांइतकी नव्हती. फार ठेंगण्या आईबापांची मुले ठेंगणीच होती, पण आईबापांइतकी नव्हती. सरासरीपासूनचा फरक मुलांत सुमारे दोन-तृतीयांशच उरला होता. लक्षात घ्या, सरासरीकडे ओढणारे गुरुत्वाकर्षणासारखे कोणतेही बल येथे नाही. टोकाची निवड आपण केली, म्हणून पुढचे मोजमाप आत सरकले, एवढेच.

चाबकाचा भ्रम

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही घडते, आणि तेथे ती अधिक घातक ठरते. समजा एका बैलाची बारी फारच वाईट गेली. मालक चिडला आणि त्याने बैलाला झोडपले. पुढची बारी बरी गेली. मालकाची खात्री पटली, की मारल्याशिवाय बैल पळत नाही. दुसऱ्या एका मालकाने विक्रमी बारीनंतर बैलाला गूळ-पोळी चारली आणि पुढची बारी साधारण गेली. लोक म्हणाले, लाडाने बिघडला. खरे तर वाईट बारीनंतरची बारी बहुधा बरी असते आणि उत्तम बारीनंतरची बहुधा साधारण. मारले नसते, तरीही तसेच झाले असते.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तरुणपणी ते इस्रायलच्या हवाईदलातील प्रशिक्षकांना शिकवीत होते. एक अनुभवी प्रशिक्षक त्यांना म्हणाला, की चांगल्या कसरतीचे कौतुक केले की पुढची बिघडते आणि वाईट कसरतीवर ओरडले की पुढची सुधारते, तेव्हा कौतुकाचा काही उपयोग नाही. काहनेमन यांनी प्रत्येकाला लक्ष्याकडे पाठ करून, न पाहता, दोन नाणी फेकायला लावली. ज्यांचे पहिले नाणे लक्ष्याजवळ पडले त्यांचे दुसरे बहुतेक लांब गेले, आणि ज्यांचे पहिले लांब पडले त्यांचे दुसरे बहुतेक जवळ आले. येथे ना कोणी कौतुक केले होते ना कोणी रागावले होते.

आमच्या भागात या भ्रमाला विशेष महत्त्व आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती बंद झाल्या, त्याचे कारण बैलांवर होणारी क्रूरता हेच होते. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो दुरुस्त कायदा वैध ठरवला. बैलाला मारू नये, हे कायदा सांगतोच. मारल्याने बैल सुधारला असे जे डोळ्यांना दिसते त्यावर विश्वास ठेवू नये, हे गणित सांगते.

कोणाबरोबर पळाला?

मग चांगला बैल ओळखायचा तरी कसा? घोड्यांच्या शर्यतींचे अभ्यासक यासाठी एक युक्ती वापरतात. मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर आणि पुण्याला लष्कर भागात घोड्यांच्या शर्यती होतात. तेथे मुरलेला निरीक्षक केवळ विजेत्याचे नाव टिपत नाही. एखाद्या शर्यतीत पळालेले घोडे पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत कसे पळतात ते तो पाहतो. त्यांतले बरेच पुढे चमकले तर तो म्हणतो, ती शर्यतच दमदार होती. मग त्या शर्यतीत चौथा किंवा पाचवा आलेला घोडाही तो वहीत लिहून ठेवतो, कारण दमदार घोड्यांच्या मागे राहणे म्हणजे कमी असणे नव्हे.

घाटात ही युक्ती चालेल का? चालेल, आणि काही बाबतींत अधिक चांगली. अनेक घोडशर्यतींत बलाबल सारखे करण्यासाठी चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात. त्यामुळे जिंकलेला घोडा पुढे मागे पडला, तर ते वजनामुळे की सरासरीकडे परतल्यामुळे, हे सांगणे कठीण होते. बैलगाड्याला असे वजन नसते.

अडचण आहे ती घाटांची. एक घाट लांब, दुसरा आखूड. एकाचा चढ उभा, दुसऱ्याचा सपाट. म्हणून एका गावचे ११.४ सेकंद आणि दुसऱ्या गावचे १२.१ सेकंद यांची सरळ तुलना करणे म्हणजे शेर आणि गज यांची तुलना. यावर उपाय सोपा आहे. त्या दिवशी त्या घाटात पळालेल्या सर्व गाड्यांच्या वेळा चढत्या क्रमाने लिहा आणि मधली वेळ, म्हणजे मध्यक, काढा. प्रत्येक गाड्याचा मध्यकापासूनचा फरक लिहा. ज्या घाटाचा मध्यक १२.६ आहे तेथील १२.१ ची बारी अर्ध्या सेकंदाने सरस आहे. ज्याचा मध्यक ११.५ आहे तेथील ११.४ ची बारी केवळ एका दशांशाने.

आता निरीक्षकाची युक्ती वापरा. त्या यात्रेतले इतर गाडे पुढच्या यात्रांत मध्यकाच्या खाली वेळ देतात की वर? बहुतेक खाली देत असतील तर त्या दिवशीचा मध्यकच कठीण होता आणि तेथे सातवा आलेला गाडाही मोलाचा आहे. मात्र दोन पथ्ये पाळा. ज्या बैलाची परीक्षा घ्यायची त्याचे स्वतःचे निकाल यात धरू नका, नाहीतर ज्याची साक्ष तोच न्यायाधीश असे होईल. आणि वीस यात्रा तपासल्या तर एक-दोन केवळ योगायोगानेही दमदार दिसतील. फाशांच्या घाटातही तसे दिसते. म्हणून एका यात्रेवर विसंबू नका.

चार बैल, एक वेळ

आणखी एक मुद्दा माझ्या विद्यार्थ्यानेच काढला. "सर, त्या खोंडाबरोबर बाकीचे तीन बैल नावाजलेले होते."

हा तर बीजगणिताचा प्रश्न झाला. क, ख, ग, घ असे चार बैल आणि वेळ एकच. चार अज्ञात राशी आणि एक समीकरण! ते सोडवता येत नाही, हे नववीचा विद्यार्थीही सांगेल. क बैलाचा वाटा कळायचा तर तो वेगवेगळ्या बैलांबरोबर पळालेला पाहिला पाहिजे. आपल्याकडे मालक एकमेकांचे बैल जोडीला घेतात, त्यामुळे अशी समीकरणे यात्रांच्या हंगामात आपोआप तयार होतात. ती टिपून ठेवणारा मात्र हवा.

खोडदच्या तबकड्या

"पण सर, अशा किती बाऱ्या पाहायच्या?" त्याने विचारले.

उत्तर आमच्या तालुक्यातच उभे आहे. नारायणगावजवळ खोडदला 'जीएमआरटी' ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या आहेत. दूरच्या दीर्घिकांकडून येणारे रेडिओसंदेश इतके क्षीण असतात, की क्षणभराच्या नोंदीत ते गोंगाटात बुडून जातात. म्हणून शास्त्रज्ञ एकाच दिशेकडे तासन् तास दुर्बीण रोखून नोंदींची सरासरी घेतात. खरा संदेश दर वेळी सारखा येतो. गोंगाट कधी वर, कधी खाली असतो आणि सरासरीत विरत जातो. नोंदी चौपट केल्या की गोंगाट निम्मा होतो, नऊपट केल्या की एक-तृतीयांश. नियम वर्गमुळाचा आहे.

आपल्या फाशांच्या घाटात एका बारीतला योगाचा चढउतार सुमारे ०.२४ सेकंद आहे. सरस आणि साध्या गाड्यातला फरक आहे ०.२० सेकंद. म्हणजे एका बारीत योग गुणापेक्षा मोठा! चार बाऱ्यांच्या सरासरीत चढउतार ०.१२ वर येतो आणि नऊ बाऱ्यांत ०.०८ वर. आता गुण स्पष्ट दिसू लागतो. जे दीर्घिकेला लागू तेच खोंडाला.

वहीने काय दिले?

माझ्या विद्यार्थ्याने तो खोंड त्या आठवड्यात घेतला नाही. दुसऱ्या कोणी तरी घेतला. त्याला वाईट वाटले, हे मी नाकारत नाही. पण हंगामभर तो वही घेऊन यात्रा फिरला. गावाचे नाव, दिवसाचा मध्यक, गाड्याची वेळ, चार बैल कोणते, माती ओली की कोरडी, अशा त्याच्या नोंदी होत्या. तो खोंड पुढे आणखी सहा वेळा पळाला. चार वेळा मध्यकाच्या थोडा खाली, दोनदा वर. बैल वाईट नव्हता. बैल चांगलाच होता, पण मागितलेली किंमत त्या एका बारीची होती.

वहीत दुसरा एक बैल सापडला. तो कधीच पहिला आला नव्हता आणि लाऊडस्पीकरवर त्याचे नाव कोणी पुकारले नव्हते. परंतु वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर नऊ बाऱ्यांत तो दर वेळी मध्यकाच्या खाली होता. त्याची किंमत पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी होती. त्याने तो घेतला आणि विहिरीचे कामही सुरू झाले. तो बैल अजून घाटाचा राजा झालेला नाही. यावरून माझा सिद्धांत खरा ठरला असे मी म्हणणार नाही. एका बैलावरून सिद्धांत सिद्ध होत नसतो, हेच तर आज आपण शिकलो.

शिक्षकांना एक विनंती आहे. फाशांचा घाट एका तासिकेत होतो, तो जरूर करा. निकाल फळ्यावर लिहा आणि विजेत्यांची दुसरी बारी सर्वांसमक्ष होऊ द्या. मग मुलांना विचारा, की पहिल्या चाचणीत पहिला आलेला मुलगा दुसऱ्या चाचणीत तिसरा आला तर तो बिघडला का? आणि एका चाचणीत नापास झालेला मुलगा खरोखरच तेवढा कच्चा आहे का?

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही यात्रेला जाल तेव्हा एक वही आणि पेन्सिल बरोबर न्या. पैज लावण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठी. राजाची वेळ सगळेच लिहितात. तुम्ही सातव्याचीही लिहा.